पेटंटमधलं ‘ऑब्व्हियस’: उघड, स्पष्ट की आणखी काही?

प्रश्न: कॅनफील्ड विरुद्ध मेलॅनोस्कॅन या अमेरिकी पेटंट-खटल्यावर मराठीत लिहिताना ‘ऑब्व्हियस’ला ‘उघड’ म्हणावं की ‘स्पष्ट’?

माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत. ‘स्पष्ट’ तर मुळीच नको. खटला त्वचेची छायाचित्रं घेणाऱ्या यंत्राचा आहे. ‘यातली प्रकाशयोजना स्पष्ट आहे’ असं लिहिलंत तर वाचकाला वाटेल, दिवे झकास लागतात!

‘उघड’ची अडचण वेगळी. उघडणे, उद्घाटन ही एकाच कुळातली मंडळी. झाकण काढलेलं, चारचौघांसमोर आलेलं ते उघड. ‘तो चिडणार हे उघड आहे’ इथे तो शब्द चपखल बसतो. पेटंटच्या कायद्यात मात्र तीच वस्तू आधी कुठे उघड झाली आहे का, ही एक स्वतंत्र कसोटी आहे, नावीन्याची. वस्तू नवी असली तरी त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचली असती का, ही दुसरी. ‘ऑब्व्हियस’ या दुसऱ्या कसोटीतला शब्द. ‘उघड’ लिहिलं की वाचक पहिलीकडे जातो.

या खटल्यात तर सगळी मेख तिथेच आहे. माणसाला एका कक्षात उभं करायचं आणि भोवतीचे कॅमेरे नि दिवे वापरून अंगावरचे तीळ-डाग टिपायचे, ही मेलॅनोस्कॅनची रचना. कॅनफील्डने तिच्या पेटंटला आव्हान दिलं, पण पेटंट कार्यालयाच्या मंडळाने पेटंट टिकवलं. 2021 मध्ये अपील न्यायालयाने पेटंटमध्ये हक्क सांगितलेल्या मुख्य दाव्यांपुरता तो निर्णय उलटवला. कक्षात माणूस उभा करणं जुन्या दस्तऐवजांत होतं, अनेक कॅमेरे आणि दिवेही होते. त्यांची सांगड घालण्यात पेटंट देण्याजोगं वेगळेपण न्यायालयाला दिसलं नाही.

म्हणून मी लिहीन, ‘ही रचना जाणकाराला सहज सुचण्याजोगी आहे’. लांबतं खरं, पण ‘कोणाला’ हे त्यात येतं, आणि कायद्याचा सगळा भर त्यावरच आहे. आपल्या 1970च्या पेटंट कायद्यातही हा जाणकार आहेच. मिर्झापूरच्या भांडी घडवणाऱ्यांच्या वादात, लेथवर भांडं पकडून ठेवण्याच्या साधनाबद्दल, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाणत्या कारागिराच्याच नजरेतून पाहिलं आणि पेटंट अवैध ठरवलं.

‘ऑब्व्हियसनेस’ला नाम हवं असेल तर ‘सहजसुचणीयता’ वगैरे घडवू नका. क्रियापदाने वाक्य फिरवा.