गिरणगावातल्या कोकणी मुलीची कादंबरी कुठून सुरू करावी?

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या गिरणवस्तीत गेलेल्या गरीब मुलीवर कादंबरी लिहायची आहे, तर सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. मी दापोलीकडचा असल्यामुळे माझे उत्तर ठाम आहे: सुरुवात खोतापासून, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारापासून करावी. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत नाचणी-वरी पिकवायची, त्यातला वाटा खोताला घालायचा आणि उरलेला दाणा पुढच्या पिकापर्यंत पुरवायचा, हे ज्या घरांना जमत नसे त्याच घरांतली माणसे हर्णै-दाभोळच्या बंदरात बोटीची वाट पाहत बसत.

आपली नायिका १८८५ च्या सुमारास मुंबईत उतरते असे धरू. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास मनाई केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. म्हणजे आठ वर्षांची मुलगी कायद्यानेच गिरणीत चालत होती, हे वाचताना आजही काळजात चर्र होते. मोठ्या बायकांच्या कामाच्या तासांना मर्यादा आली ती १८९१ मध्ये. बायका बहुधा सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत आणि त्यांच्यावर नायकीण, म्हणजे देखरेख करणारी बाई मुकादम असे. काम टिकवायचे तर तिची मर्जी राखावी लागे, प्रसंगी हात ओले करावे लागत, त्यामुळे जाच दाखवण्यासाठी गोऱ्या साहेबापर्यंत जाण्याची गरज नाही.

सगळ्यांनाच चाळीत खोली मिळत नसे. झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्याही होत्या. तसले छप्पर कोकणातल्या मुलीच्या ओळखीचे असते, पण गावी उतारावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी इथल्या सखल जमिनीत चुलीपाशी येऊन थांबते. हा प्रसंग सावकाश लिहावा. लाकडे नुसती धुमसत आहेत, डोळ्यांतून पाणी वाहते आहे, आणि भाकऱ्या तर भोंगा होण्याआधी थापून व्हायला हव्यात, कारण एकट्या राहणाऱ्या कामगारांची खाणावळ चालवून तिची आई चार पैसे जोडते. ते पैसे गावी खोताच्या देण्यात जातात. १८८० पासून टपालाने मनीऑर्डर जाऊ लागली होती. निरक्षर घरात तिचा कागद कोण लिहून देतो आणि त्याबद्दल काय मागतो, यावर एक अख्खे प्रकरण उभे राहील.

पुढे १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि लाखो माणसांनी शहर सोडले. बोटीने गावी परतावे की ओस पडत चाललेल्या गिरणीत वाढीव मजुरीवर थांबावे, हा निर्णय कृपा करून तिच्या बापाला किंवा नवऱ्याला देऊ नये. तोवर घराचा सगळा हिशेब तीच सांभाळत आलेली असेल.