वाचकांचे प्रश्न : झाकण लागते, पण मशीनला ते कळत नाही

प्रश्न : आमचे टॉप लोड वॉशिंग मशीन पाणी भरते, कपडे धुते, पाणी सोडतेही, परंतु कपडे पिळण्याची वेळ आली की थांबते आणि झाकणाचा दिवा लुकलुकत राहतो. झाकण हाताने दाबून धरले, तर कधी कधी ड्रम फिरू लागतो. दुरुस्तीसाठी आलेल्या कारागिराने लॅचच्या, म्हणजे झाकण बंद आहे की नाही हे मशीनला कळवणाऱ्या खटक्याच्या, दोन वायरी एकमेकींना कायमच्या जोडून टाकण्याचा उपाय सुचवला आहे. तसे करावे का?

उत्तर : करू नये. कपडे पिळताना ड्रम मिनिटाला साधारणपणे 600 ते 800 फेरे घेतो आणि वीज तोडल्यानंतरही तो काही क्षण फिरतच राहतो. अशा ड्रममध्ये हात गेला आणि एखादी बाही किंवा ओढणी बोटांना गुंडाळली गेली, तर हात सोडवून घ्यायला वेळच मिळत नाही. हा अपघात टाळण्यासाठीच लॅच बसवलेला असतो. शिवाय ज्या मशीनमध्ये लॅच झाकणाला कुलूपही लावतो, त्यांपैकी अनेकांचा कंट्रोल बोर्ड (मशीनचे काम चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट) कुलूप उघडल्यावर संपर्क तुटतो की नाही हेही तपासतो. तो तुटत नाही असे दिसले, की बोर्ड पुन्हा दोषच दाखवतो. म्हणजे धोका पत्करूनही काम होईलच असे नाही.

आपण दिलेल्या माहितीतील सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे झाकण दाबल्यावर मशीन चालते. पाणी बाहेर गेले नाही किंवा कपडे एका बाजूला गोळा झाले, तरीही मशीन पिळत नाही. पण तेव्हा झाकण दाबून काहीच फरक पडत नाही. त्यामुळे पंप आणि कंट्रोल बोर्ड यांच्यावरचा संशय सध्या बाजूला ठेवता येईल. झाकण आणि लॅच यांच्यात कुठेतरी दोनतीन मिलिमीटरचे अंतर पडले आहे, किंवा लॅचमधील स्विचचे संपर्क झिजले आहेत, असे मानून शोध घ्यावा.

प्रथम प्लग काढावा. केवळ बटण बंद करून भागणार नाही. झाकणाच्या खालच्या बाजूला प्लास्टिकची जी जीभ असते, ती लॅचच्या खाचेत जाऊन आतला खटका दाबते. ही जीभ तुटणे, तिला चीर जाणे किंवा ती वाकणे हा दोष फार वेळा आढळतो, आणि तरीही संपूर्ण लॅच बदलून घेणारे लोक कमी नाहीत. जीभ धड असेल तर खाच पाहावी. डिटर्जंटची पूड आणि कपड्यांचे तंतू साचून तिथे घट्ट थर बसतो. तो कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने काढावा, मात्र पाणी थेट आत ओतू नये. त्यानंतर झाकण अर्धवट उघडून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. बिजागरी सैल झाली असेल तर झाकण तिरके बसते आणि जीभ खाचेच्या मध्यावर उतरत नाही; अशा वेळी स्क्रू घट्ट करणे एवढेच काम असते. काही मशीनमध्ये जिभेऐवजी झाकणात लहान लोहचुंबक असतो आणि तो निखळून पडतो. मशीन चालू असताना त्या जागी सुटा चुंबक धरल्यावर झाकणाचा दिवा विझला, तर दोष लॅचचा नसून हरवलेल्या चुंबकाचा आहे हे निश्चित समजावे. मात्र ही परीक्षा ड्रम स्थिर असतानाच करावी आणि चुंबक तिथेच चिकटवून ठेवू नये, कारण तेही वायरी जोडण्यासारखेच होईल.

एवढे करूनही दोष राहिला, तर कान लावावा. ज्या मशीनमध्ये लॅच कुलूपही लावतो, तिथे झाकण बंद करून मशीन सुरू केल्यावर ‘टक्’ असा एकच आवाज येऊन काम पुढे सरकले पाहिजे. पुन्हा पुन्हा टकटक होऊन मशीन थांबत असेल, तर कुलपाची खिट्टी सरकते आहे, पण ती सरकल्याची खबर बोर्डापर्यंत पोहोचत नाही. आवाजच येत नसेल, तर लॅचला वीज मिळत नाही किंवा त्याची कॉइल, म्हणजे खिट्टी सरकवणारे तारेचे वेटोळे, जळली आहे.

मल्टिमीटर वापरता येत असेल, तर प्लग काढलेलाच ठेवून लॅचचा कनेक्टर सोडवावा आणि साध्या स्विचच्या दोन पिनांवर कंटिन्युइटी, म्हणजे वीज सलग वाहू शकते की नाही हे, तपासावी. खटका दाबल्यावर रोध शून्य ओहमच्या जवळ यावा आणि सोडल्यावर संपर्क पूर्ण तुटावा. दाब कमीजास्त केल्यावर आकडा नाचत असेल, तर संपर्क झिजलेले आहेत. आपल्या मशीनबाबत मला हीच शक्यता अधिक वाटते. कॉइलच्या पिनांवर मात्र काही ना काही ठरावीक रोध दिसलाच पाहिजे. लॅच निर्दोष ठरला, तर वायरींचा जुडगा पत्र्याच्या कडेला घासला आहे का, हे पाहावे.

झिजलेला स्विच घासून काही दिवस चालवता येतो, पण तो खटाटोप मी सुचवणार नाही. लॅच बदलणे बहुतेक मशीनमध्ये दोनतीन स्क्रू आणि एका कनेक्टरचे काम आहे. नवा लॅच मागवताना मशीनच्या मागील पट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक द्यावा, कारण एकसारख्या दिसणाऱ्या लॅचमध्ये पिनांची रचना वेगळी असू शकते. जुना सोडवण्यापूर्वी वायरींचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

प्रश्न : नवा लॅच बसवल्यापासून कपडे पिळून झाल्यावर झाकण लगेच उघडत नाही. लॅच सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. काही लॅचमधील खिट्टी उष्णतेने सरकणाऱ्या पट्टीवर चालते. ती पट्टी निवेपर्यंत एकदोन मिनिटे कुलूप तसेच राहते. तेवढा वेळ थांबावे, झाकण जोर लावून ओढू नये. पाच मिनिटांनंतरही ते उघडले नाही, तर प्लग काढून आणखी थोडा वेळ जाऊ द्यावा, आणि तरीही खिट्टी अडकलेलीच राहिली तर लॅच हमीच्या मुदतीत बदलून घ्यावा.