वडील रात्री 8 तास झोपूनही लोकलमध्ये बसताच पेंगतात, याचे कारण काय असावे?

वडील रात्री मोठ्याने घोरतात आणि सकाळी डोंबिवलीहून गाडीत बसताच पेंगतात, असे आपण लिहिले आहे. हा केवळ प्रवासाचा थकवा समजू नये. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग बंद होत असेल, तर श्वास 10 सेकंद किंवा अधिक थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. झोपणाऱ्याला मात्र याची बहुधा आठवणही राहत नाही. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. त्यातून रक्तदाब वाढतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही. त्यांचा श्वास मध्येच अडकतो का, हे आईंना आजच विचारा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतील श्वास आणि प्राणवायूची नोंद घेणारी तपासणी, करून घ्या. तोपर्यंत झोपेच्या गोळ्या कृपया मनाने देऊ नका, कारण काही गोळ्यांमुळे श्वासाचा त्रास वाढतो.