डोळ्याचा कोपरा उचलण्याआधी

*ताई, मी 27 वर्षांची आहे. माझ्या डोळ्यांचे बाहेरचे कोपरे खाली झुकलेले आहेत, अगदी बाबांसारखे. कुणीही भेटलं की विचारतं, रडलीस का, झोप झाली नाही का. दिवसभर व्हिडिओ कॉल असतात, त्यामुळे स्वतःचा चेहरा सतत समोर. एका क्लिनिकमध्ये हे कोपरे वर उचलून देतात. म्हणाले, अर्ध्या तासाचं काम आहे, व्रण दिसत नाही, चौथ्या दिवशी ऑफिसला जा. मी लेन्स लावते, दुपारनंतर डोळ्यांत थेंब घालावे लागतात, तेवढं सोडलं तर तब्येत ठणठणीत. तारीख घेतली आहे, अर्धे पैसे भरलेत. आईला काही सांगितलेलं नाही. आता भीती वाटतेय. करू का?*

अगं, आधी सरळ उत्तर देते: ही तारीख रद्द कर. ऑपरेशन कधीच करू नकोस असं मी म्हणत नाही. पण एवढ्याशा माहितीवर आणि डोळ्यांची तपासणी न करता, नको.

पत्रात कोपऱ्यांबद्दल तू बरंच लिहिलं आहेस. मी थांबले ती थेंबांपाशी. ‘तेवढं सोडलं तर’ म्हणतेस, आणि या ऑपरेशनच्या बाबतीत नेमकं तेवढंच सोडून चालत नाही.

डोळ्याचा बाहेरचा कोपरा म्हणजे नुसती दोन पापण्या भेटायची जागा नव्हे. तिथे एक छोटा पण चिवट पट्टा असतो. तो पापण्यांना डोळ्याच्या खोबणीच्या हाडाशी, आतल्या बाजूने बांधून ठेवतो. आतल्या कोपऱ्यातही तशीच बांधणी असते. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी खालची पापणी या दोन टोकांमध्ये ताणलेली असते. एक टोक सैल झालं की झोळ पडतो, वेडंवाकडं बांधलं की सगळी दोरीच तिरपी होते. ही पापणी डोळ्याला अलगद चिकटून असते, म्हणून वरची पापणी खाली आली की फट राहत नाही आणि अश्रूंचा पातळ थर बुबुळावर सारखा पसरतो. आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या लववतो, स्क्रीनकडे एकटक बघताना त्याहून बऱ्याच कमी. तुझे डोळे दुपारनंतर कोरडे पडतात त्यात लेन्सबरोबर याचाही हात असू शकतो. अशा डोळ्यांच्या पापणीची बांधणी आपण सोडून पुन्हा बांधायला निघालो आहोत, हे आधी लक्षात घे.

क्लिनिकने तुला ऑपरेशनचं नाव तरी सांगितलं का? कारण ‘कोपरा उचलणं’ यात वेगवेगळी कामं येतात. पट्टा न कापता टाका घालून आवळायचा, ती कॅन्थोपेक्सी. पट्टा कापून, मोकळा करून, हाडाच्या आवरणाला वर नव्याने शिवायचा, ती कॅन्थोप्लास्टी. काही ठिकाणी यातलं काहीच करत नाहीत, कपाळाच्या बाजूला विरघळणारे दोरे घालून कातडी खेचतात. तो परिणाम दोरे विरघळल्यावर ओसरतो. आतल्या कोपऱ्याचं ऑपरेशन आणखी निराळं. तिथे अश्रू वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या अगदी जवळ असतात आणि व्रण उठून दिसण्याची शक्यता जास्त. तुझ्यावर यातलं नक्की काय करणार हे जर तुला माहीत नसेल, तर तू होकार कशाला दिलास, मुली?

‘व्रण दिसत नाही’ हे बाहेरच्या कोपऱ्यापुरतं बऱ्याचदा खरं ठरतं, पण खरी काळजी व्रणाची नाहीच. बहुतेकांचा बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा एखाद-दोन मिलिमीटरच वर असतो. म्हणजे सगळा खेळ मिलिमीटरचा, आणि तोही दोन्ही बाजूंना सारखा जमायला हवा. एका बाजूला जरा जास्त गेलं की समोरच्याला ते चटकन जाणवतं. कोपरा टोकदार राहण्याऐवजी गोल होऊ शकतो, किंवा तिथे कातडीचा पडद्यासारखा पदर येतो. कधी काही महिन्यांत कोपरा हळूहळू जुन्या जागी उतरतो. कधी उलट, खालची पापणी डोळ्यापासून सुटते, पांढरा भाग जास्त दिसू लागतो, झोपेतही डोळा नीट मिटत नाही, आणि सकाळी उठल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. दुरुस्ती करता येते, पण पहिल्यापेक्षा अवघड, कारण आता तिथे व्रणाची घट्ट ऊती असते. शिवाय त्यासाठी बहुधा काही महिने थांबावं लागतं. ते महिने त्याच डोळ्यांनी काढायचे असतात.

चौथ्या दिवशी ऑफिस? काळं-निळं पडणं आणि सूज साधारण दोन आठवडे राहते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा सुजून पाणी भरल्यासारखा फुगू शकतो, आणि ते उतरायला कधी कित्येक आठवडे जातात. लेन्स तेवढा काळ बंद. यातलं एक अक्षरही तुला सांगितलं नसेल, तर त्या क्लिनिकवरचा माझा विश्वास तिथेच उडतो.

हे ऑपरेशन वाईट आहे असं मात्र समजू नकोस. चेहऱ्याला पक्षाघात झालेल्या माणसाचा डोळा उघडाच राहतो, वयामुळे कुणाची पापणी बाहेर उलटते, अपघातात कुणाचा कोपरा फाटतो. अशांसाठी तेच फार मोलाचं ठरतं. मला खटकतं ते इतकंच, की जे काम मुळात पापणी नीट मिटावी म्हणून केलं जातं, ते मिटणाऱ्या पापणीवर करायचं आणि मिटण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

आता ‘रडलीस का’. रोज तोच प्रश्न ऐकून माणूस खचतं, हे मी हलक्यात घेत नाही. पण तू स्वतःला ज्या आरशात बघते आहेस तो चेहऱ्यापासून हातभर अंतरावरचा कॅमेरा आहे. 2018 मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला होता: 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. एवढ्या जवळून चेहऱ्याचं प्रमाणच बदलतं, आणि तू ते दिवसभर बघतेस. कॉलवर स्वतःचा चौकोन लपवायची सोय असते. महिनाभर तो लपवून बघ, मग मला सांग कोपरे किती झुकलेत. दिवसातले तास-दोन तास आरशात कोपरे तपासण्यातच जात असतील, त्यापायी लोकांत जाणं टाळत असशील, तर मात्र आधी समुपदेशकाकडे जा. तशा त्रासात ऑपरेशननंतरही सहसा समाधान होत नाही, नजर दुसऱ्या कुठल्या तरी खोटीवर जाऊन बसते.

इतकं करूनही इच्छा कायम राहिली, तर पापण्यांचंच काम करणाऱ्या ऑक्युलोप्लास्टिक सर्जनकडे जा. ते खालच्या पापणीत कागदाची छोटी पट्टी अडकवून 5 मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते बघतील. ही शर्मर टेस्ट. पापणी चिमटीत धरून खाली ओढतील आणि ती किती झटकन जागेवर जाते ते पाहतील. थायरॉइड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सिगरेट, आधी डोळ्यांवर झालेलं लेझर, सगळं खरं सांग. आणि तू विचार: माझा डोळा पूर्ण मिटेल ना? किती मिलिमीटर उचलणार? बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार? तुमच्या पेशंटचे आठवड्यानंतरचे नकोत, वर्षानंतरचे फोटो दाखवा. या प्रश्नांवर वैतागणारा डॉक्टर आपला नव्हे.

भरलेले पैसे लेखी मागून घे. नाही मिळाले तर हळहळ वाटेल, पण त्यापायी टेबलावर जाऊन झोपू नकोस.

आईचं विचारलं नाहीस, तरी सांगते. पुढे कधी ऑपरेशन ठरलंच, तर तिला किंवा दुसऱ्या जबाबदार माणसाला आधी सांग, आणि पहिली रात्र एकटी राहू नकोस. क्वचित डोळ्यामागे रक्त साचतं आणि त्याचा दाब नजरेच्या नसेवर येतो. एकाच डोळ्यात असह्य वेदना, डोळा बाहेर आल्यासारखा टणक वाटणं, दिसणं अंधूक होणं, यातलं काहीही झालं की त्याच क्षणी इमर्जन्सीत जायचं, क्लिनिक उघडायची वाट बघायची नाही, कारण त्या उशिरात नजर कायमची जाऊ शकते. तेव्हा तुझे डोळे सुजलेले असतील, वर थंड पट्ट्या असतील आणि वेदनाशामक गोळीची गुंगी असेल. तासातासाला पट्टी उचलून ‘माझी बोटं दिसतायत का, किती आहेत सांग’ असं विचारणारं कुणीतरी उशाशी हवं.