तिसरीतला मुलगा 'पाणी'चं 'पानी' लिहितो, वेलांट्याही चुकतात. घरी काय करावं? (नागपूर)

नागपूरकडे बोलताना 'पानी', 'लोनी' सर्रास चालतं, हिंदीतही 'पानी'च. पोरगा ऐकलेलं लिहितो, एवढंच. त्याचं बोलणं सुधारायला जाऊ नका. 'न'ला जीभ दातांमागे टेकते, 'ण'ला वर टाळूकडे वळते. हे आरशासमोर करून दाखवा, पोरांना मजाही येते.

रोज पाचच शब्द. पाहायचा, झाकायचा, मोठ्यानं म्हणत लिहायचा, मग स्वतःच ताडायचा. चुकलेले शब्द दोन दिवसांनी पुन्हा. दहादा लिहायला लावू नका. तिसऱ्या ओळीपासून तो वरचंच उतरवतो, चुकीसकट.

वेलांटीचा सध्या एकच नियम: मराठी शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी, दुसरा उकार. पाणी, लाडू. 'आणि', 'परंतु' हे अपवाद भिंतीवर चिकटवा. 'फूल' पण 'फुलाला', ते पुढच्या वर्षी.