घर सोसायटीचं, जमीन न्यासाची

प्रश्न : आम्ही वीसेक कुटुंबं मिळून गृहनिर्माण सोसायटी काढतो आहोत. बांधकाम ना-नफा संस्थेकडे दिलं तर घरं स्वस्त पडतील का? आणि दहा वर्षांनी कुणी बाजारभावाने घर विकून मोकळं झालं तर?

उत्तर : स्वस्त पडतील, पण वाटतं तेवढी नाही. सिमेंट-सळईचा भाव ना-नफा संस्थेलाही तोच असतो. तिचा उपयोग होतो तो बांधकामाआधीच्या पैशासाठी. माती परीक्षण, आराखडे, परवानग्या यांना बँक सहसा कर्ज देत नाही, आणि परवानगी नाकारली गेली तर तो पैसा बुडतो. कुटुंबांच्या बचतीतून तो भरू नका. अनुभवी संस्थेकडे त्यासाठी फिरता निधी असतो. कर्ज मंजूर झालं की त्यातून तो परत करता येतो.

तुमची दुसरी शंका जास्त महत्त्वाची. स्वीडनमध्ये १९२३ साली सुरू झालेली एचएसबी ही सहकारी गृहनिर्माणाची मातृसंस्था जमीन घेते, इमारत बांधते आणि रहिवाशांच्या स्वतंत्र संस्थेच्या हवाली करते. पद्धत उत्तम. पण विक्रीदरावरचं सरकारी नियंत्रण १९६०च्या दशकाअखेरीस उठलं आणि ही घरं बाजारभावाने विकली जाऊ लागली. म्हणून किमतीची अट कायद्याच्या भरवशावर सोडू नका.

जमीन सोसायटीच्या नावावर न करता एका वेगळ्या न्यासाकडेच (ट्रस्टकडेच) राहू द्या, सोसायटीने ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्यावी आणि पट्ट्यातच सूत्र लिहावं : मूळ भागभांडवल, त्यावर महागाई निर्देशांकाची वाढ, मंजूर सुधारणांची घसारा जाऊन उरलेली किंमत, यातून मोडतोड वजा. समजा भांडवल १०० होतं, निर्देशांक ३० टक्के वाढला, सुधारणेचे ५ उरले, तर जाणाऱ्या सभासदाला १३५ मिळतील, मग शेजारचं घर ३००ला जात असलं तरी. हेच सूत्र नुसतं पोटनियमात असेल तर सर्वसाधारण सभेत बदलता येतं, आणि कर्ज फिटलं की तो मोह हमखास होतो. जर्मनीतल्या मीट्सहॉयझर झिंडिकाट या रहिवाशांनी चालवलेल्या घरांच्या संघटनेने यावर चोख तोड काढली आहे. घराची मालकी एका कंपनीकडे, आणि त्या कंपनीचे भागीदार दोनच : रहिवाशांची संस्था आणि झिंडिकाट. रोजचा कारभार रहिवासी पाहतात. विकायचं म्हटलं तर मात्र दोघांची संमती लागते.

प्रश्न : श्रमदानाने खर्च कमी होईल का?

उत्तर : होईल, शिस्त असेल तर. उरुग्वेत १९६८च्या गृहनिर्माण कायद्यापासून परस्पर-साहाय्य संस्था असंच बांधतात. दर कुटुंबाने आठवड्याला २१ तास देण्याची तिथे रूढ पद्धत आहे. आरसीसी, वीज, नळजोडणी कसबी माणसांकडेच द्या. खोदाई, विटा वाहणं, भिंतींवर पाणी मारणं, रंग ही कामं तुम्ही करा. ज्यांना जड काम झेपत नाही त्यांचे हिशेब, पहारा, मुलं सांभाळणं हेही तास हजेरीवहीत धरा. आणि कुणाला कोणतं घर, हे बांधकाम संपल्यावर सोडतीने ठरवा. आधी ठरलं तर जो तो आपल्याच भिंतीवर राबतो आणि जिना अर्धवट राहतो.