गोव्यातल्या ख्रिस्ती अनाथाश्रमात मुलांवर धर्माचा किती पगडा असतो?

मी आणि माझी धाकटी बहीण बार्देशातल्या सिस्टरांच्या आश्रमात वाढलो. वडील वारलेल्या दोन भाच्यांना म्हापशाजवळच्या अशाच एका आश्रमात ठेवलं तर तिथे धर्म किती असतो आणि मुली बाटतील का, हा तुमचा प्रश्न वाचून मला गप्प बसवलं नाही.

धर्म असतो, आणि भरपूर असतो. उठल्यावर प्रार्थना, जेवणाआधी प्रार्थना, तिन्हीसांजेला आंजेलाची, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची, घंटा झाली की कपेलात, आश्रमाच्या प्रार्थनाघरात, तेर्स, म्हणजे माळेवरचा जप. 'नमान मोरये' ही मेरीमातेची प्रार्थना मी आजही न अडखळता म्हणते. मे आणि ऑक्टोबर हे सायबिणीचे, म्हणजे मेरीमातेचे, महिने, तेव्हा जास्त वेळ बसावं लागायचं. डिसेंबरात नाताळचा गोठा, नेवऱ्या, दोदोलची मिठाई. बाबा गेल्यावर आमच्या घरात चूल कधी पेटेल आणि कोण कधी रडायला लागेल याचा नेम नव्हता. आश्रमात तेर्स झाला की जेवण, जेवण झालं की अंथरूण. त्या वयात मला त्याचीच गरज होती.

आता दुसरी बाजू. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे आणि शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भक्त, होते. जत्रेआधी सोवळं पाळायचे, गळ्यात मोगऱ्याचे कळे, हातात बेतकाठी, आणि रात्री होमकुंडातून चालून जायचे. आश्रमात एक तरुण सिस्टर दोतोर्न, म्हणजे ख्रिस्ती धर्माचे धडे, शिकवायला यायची. एकदा तिने सांगितलं की दगडाच्या देवांना पुजणारे नरकाच्या आगीत जातात. माझी बहीण तेव्हा दुसरीत होती. आग म्हटल्यावर तिला बाबाच आठवले. ती रात्रभर झोपली नाही, सारखी मला विचारायची, बाबांचे पाय आता भाजतात का. सकाळी मी तिला हाताला धरून मुख्य सिस्टरकडे नेलं. त्या म्हाताऱ्या होत्या, कडक होत्या, हिशेबाच्या वहीतून मान वर न करणाऱ्या. त्यांनी वही मिटली, बहिणीला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "तुजो पाय बरो मनीस आसलो. देव ताका वळखता." म्हणजे, तुझा बाप चांगला माणूस होता, देव त्याला ओळखतो. त्या दिवसापासून आम्हा हिंदू मुलींचं दोतोर्न बंद झालं, त्या वेळात आम्ही मोरल सायन्सला बसायचो. त्याच सिस्टर आम्हाला मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, म्हापशाला न्यायच्या, कारण तिथे आई यायची. मिलाग्रीस ही लईराईची बहीण, असं आमच्याकडे सगळेच मानतात, त्यामुळे आई दरवर्षी तिला तेल वाहायची आणि मग आम्हाला पोटाशी धरून बसायची.

मामा मात्र कधी आला नाही. पेडण्यात त्याचं चिरेबंदी घर, दोन खोल्यांना कुलूप. मी दहावी झाल्यावर भेटला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "बाप्तिस्मा दिला की काय गो तुका?" जेवलीस का, पुढे काय शिकणार, हे नाही. मग त्याने इतिहास ऐकवला. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावाने हुकूम निघाला की हिंदूंची पोरकी मुलं गोव्यातल्या जेझुइट पाद्र्यांच्या साओ पावलो कॉलेजच्या ताब्यात द्यावीत आणि त्यांचा बाप्तिस्मा करावा. हे खरं आहे, आणि ते अमानुष होतं. आपले देव नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, गेले, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, ते याच काळात. पण मामा, त्या हुकुमानं मुलं नातलगांच्या हातून ओढून नेली. आम्हाला कोणी ओढून नेलं नव्हतं. आम्हाला ठेवून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

बहीण पुढे ख्रिस्ती झाली. नोकरीला लागल्यावर, स्वतः विचार करून, आईला सांगून. मी झाले नाही, मी आजही शिरगावला जाते. एकाच खोलीत वाढलेल्या आम्ही दोघी. मामा तिचंच उदाहरण गावभर सांगतो, माझं सांगत नाही.

तुम्हाला उपयोगी पडेल तेही लिहिते. आता आईने परस्पर नेऊन सोडलं असं चालत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे संस्था नोंदणीकृत हवी आणि मुलींना बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीला मुलींचा धर्म, भाषा, घरचे सण सगळं स्पष्ट सांगा. भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्क कराराच्या विसाव्या कलमात मुलाच्या धर्माचा आणि भाषेचा विचार व्हावा असं म्हटलंय. अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, ते घटनेचं कलम २८. आणि खुद्द कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत बाळाच्या बाप्तिस्म्याला आई-बापापैकी एकाची किंवा त्यांच्या जागी असलेल्या पालकाची संमती लागते, मरणाच्या दारातलं बाळ सोडून. म्हणजे पालक म्हणून सही कोणाची, हे महत्त्वाचं. टाकून दिलेल्या बाळाचा मात्र बाप्तिस्मा करावा असंच ती संहिता सांगते, त्यामुळे ज्यांचं कोणीच नाही अशा मुलांचा धर्म खरोखर संस्थेतच ठरतो. मला हे पटत नाही. अशा मुलांना मोठं होऊन स्वतः ठरवू द्यावं.

मी लिहिलं ते १९९० च्या दशकातलं, एका आश्रमातलं. सिस्टर बदलली की वातावरण बदलतं. म्हणून पाहुण्यांच्या वेळेला सकाळी जाऊ नका, तेर्साच्या वेळेला जा. जी मुलगी प्रार्थनेला बसत नाही तिला त्या वेळात काय करायला देतात, हे विचारा.

पण त्याआधी एक सांगा. तुम्ही त्या मुलींचे सख्खे मामा. तुमच्या घरी त्यांना जागा का नाही, हे तुम्ही प्रश्नात कुठेच लिहिलेलं नाही. खरोखरच अडचण असेल तर आश्रमात ठेवा, त्यात लाज नाही. मात्र गणपतीच्या चवथीला आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना घरी न्यायला तुम्ही स्वतः जाणार का, तेवढं मला खाली लिहून कळवा.